दहा मिनिटांचे अग्निबाण

४ फेब्रुवारी १८७२, रविवार. दिवस मावळल्यावर मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला, अशी बातमी ‘टाइम्स ऑफ इंडिया’नं दोनच दिवसांनी छापली. मुंबईहून एडनकडे जाणाऱ्या समुद्रतळाच्या तारेवर त्याच सुमारास संदेश धड जाईनात. नॉर्वे, अलास्का, सैबेरियाच्या लोकांनी बघायचा उजेड मुंबईत! १९५७ साली सिडनी चॅपमन या भूचुंबकशास्त्रातल्या जाणत्या माणसानं ही जुनी बातमी पुन्हा पुढं आणली. अलीकडे जपानच्या हिसाशी हायाकावा यांनी सहकाऱ्यांसह त्या वेळच्या सौरवादळाचे जगभरचे पुरावे तपासले, तेव्हा त्यात मुंबईही आली. ध्रुवीय प्रकाश इतक्या दक्षिणेला दिसल्याच्या नोंदी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

आमचं अणदूर मुंबईपेक्षा आणखी एका अंशानं दक्षिणेला. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं, खंडोबाचं गाव. देव सव्वादहा महिने अणदुरात राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गाला जातो. या रस्त्यावरून जाणाऱ्याला ध्रुवीय प्रकाशाची गोष्ट परक्या मुलखाची वाटेल. पण त्या प्रकाशाच्या आत काय चालतं हे शोधण्याच्या इतिहासात मराठी माणसं आणि महाराष्ट्रातल्या जागा वारंवार भेटतात. चंद्रयानाच्या गजरात तो इतिहास मागं पडलाय, म्हणून हा लेख.

ध्रुवीय प्रकाश पेटवणाऱ्या वादळात चुंबकाची सुईही हलते, म्हणून सुरुवात कुलाब्यापासून करावी लागते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१पासून चुंबकाची नियमित मोजमापं सुरू झाली. प्रमुख होते आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार. त्यांच्या हाताखाली १८४० साली पन्नास रुपये पगारावर एक पंधरा वर्षांचा मुलगा रुजू झाला होता. अलिबागजवळच्या नागावचा केरो लक्ष्मण छत्रे. पुढं हेच केरूनाना डेक्कन कॉलेजात टिळकांचे गणिताचे गुरू झाले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ या वेधशाळेचं काम पाहिलं. म्हणजे मराठी वृत्तपत्राचा आद्य संपादक आणि मराठीतला पहिला आधुनिक गणिती, दोघांचा हात एकाच चुंबकसुईला लागलेला आहे.

ते काम कसं चाले? रेशमाच्या धाग्याला टांगलेला पोलादी चुंबक, त्याच्यासमोर दुर्बीण, आणि दुर्बिणीतून दिसणारी मोजपट्टी. तासातासाला दुर्बिणीला डोळा लावायचा, पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. रात्रीसुद्धा. असल्या खोलीत शिरताना कमरेची किल्लीदेखील बाहेर ठेवावी लागते, नाहीतर सुई तिच्याकडे वळते. सुई फार हलायला लागली की तासाची वाट न पाहता दर काही मिनिटांनी वाचन घ्यायचं, असा दंडक. कंटाळवाणं काम, आणि त्याचा उपयोग काय हे करणाऱ्यालाही धड सांगता आलं नसतं.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग रेखाटत असताना त्यांना डागांवर पांढरा लखलखाट दिसला. सुमारे साडेसतरा तासांनी सूर्याकडून निघालेलं वादळ पृथ्वीवर थडकलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बिघडली, क्युबापर्यंत आकाश लाल झालं. आपल्याकडे तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती, म्हणजे आकाशात काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. नळदुर्ग जिल्हा तेव्हा, १८५३च्या तहानं, काही वर्षांपुरता निजामाकडून इंग्रजांकडे आलेला. तिथला कारभार पाहणारे मेडोज टेलरसाहेब बदली होऊन गेले होते. अणदूरच्या शेतकऱ्याला त्या सकाळी काही वेगळं जाणवायचं कारण नव्हतं. कुलाब्याच्या सुईनं मात्र सकाळीच अशी बुडी मारली की आडवं चुंबकबल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आलं. मुंबईच्या एकूण आडव्या बलाच्या चार टक्क्यांच्या आसपास ही घट होते. निरीक्षकानं नियमाप्रमाणं भराभर वाचनं घेतली आणि वहीत उतरवली.

पुढं नानाभाई फ्रामजी मूस या वेधशाळेचे पहिले भारतीय प्रमुख झाले. त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांची मोजमापं १९१० साली दोन भागांत छापून काढली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहानं सुई बिघडणार, हे ओळखून १९०४मध्ये अलिबागला लोखंड न वापरता नवी वेधशाळा उभी केली तीही त्यांनीच. केरूनानांच्या नागावपासून ती फार लांब नाही. आणि २००३ साली मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लखिना व सोबी अ‍ॅलेक्स आणि अमेरिकेतले ब्रूस त्सुरुतानी यांनी १८५९च्या वादळाची ताकद ठरवायला घेतली, तेव्हा त्यांना आधार मिळाला तो कुलाब्याच्या नोंदींचा. जगातल्या बाकीच्या बऱ्याच वेधशाळांच्या सुया त्या दिवशी पट्टीबाहेर गेल्या होत्या.

सुई हलली, म्हणजे वर कुठंतरी प्रचंड वीजप्रवाह वाहिला. पण वर म्हणजे किती वर? आणि वाहतं ते नेमकं काय? जमिनीवर बसून याचं उत्तर मिळत नाही. एकच सुई उंचावरच्या मोठ्या प्रवाहानंही हलते आणि जवळच्या लहान प्रवाहानंही.

इथं अडचण अशी की आकाशाचा जो थर हवा, तिथं माणसाचं काहीच टिकत नाही. अणदूरहून हाच रस्ता धरून पूर्वेला गेलं की हैदराबादेत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र लागतं. तिथले महाकाय फुगे पस्तीस-चाळीस किलोमीटरपर्यंत जातात आणि त्यांची उपकरणं पॅराशूटला लटकत वारा नेईल तिकडे, कधी तेलंगणात, कधी कर्नाटकात, कधी आपल्या सीमाभागात उतरतात. त्याच्यावर फुग्याला हवाच पुरत नाही. उपग्रहाचं उलटं. दोनशे किलोमीटरच्या खाली तो आणला तर हवेच्या घर्षणानं थोड्याच काळात जळून पडतो. ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा पट्टा शंभर-दीडशे किलोमीटरवर असतो, लाल त्याच्या वर, आणि सुया हलवणारे मोठे प्रवाह शंभरच्या आसपास. बरोबर त्या मधल्या पट्ट्यात. तिथं जायला एकच वाहन आहे. साउंडिंग रॉकेट. ते सरळ वर जातं, कक्षेत फिरत नाही, आणि दहा-वीस मिनिटांत खाली पडतं. जाताना आणि येताना जे मोजता येईल तेवढंच पदरात.

भारतात हे रॉकेट आणायचं विक्रम साराभाईंनी ठरवलं तेव्हा जागेचा प्रश्न आला. त्यांना चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळची जागा हवी होती. ते आपल्या देशात केरळच्या टोकावरून जातं. जागा शोधायला निघालेल्यांत प्रमुख होते एकनाथ चिटणीस, १९२५ साली कोल्हापुरात जन्मलेले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी साराभाईंबरोबर विश्वकिरणांवर काम केलं होतं आणि १९६२मध्ये स्थापन झालेल्या अवकाश संशोधन समितीचे ते सदस्य-सचिव होते. किनाऱ्यावरच्या बऱ्याच जागा पाहून तिरुवनंतपुरमजवळच्या थुंबा या कोळ्यांच्या वस्तीवर शिक्का बसला. वस्तीत सेंट मेरी मॅग्डलीनचं चर्च होतं. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी रविवारच्या प्रार्थनेत लोकांसमोर विषय मांडला आणि लोकांनी होकार दिला. चर्च कार्यशाळा झालं, बिशपचं घर कचेरी झालं. देवळाच्या जागेवरून आपल्याकडे काय काय होतं ते पाहता ही गोष्ट मला रॉकेट उडण्याइतकीच मोठी वाटते.

अमेरिकेत नासाच्या गोडार्ड आणि वॉलॉप्स केंद्रांत शिकून आलेल्या पहिल्या तुकडीत अब्दुल कलाम, आर. अरवमुदन, डी. ईश्वरदास यांच्यासोबत पुण्यात जन्मलेले आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेले प्रमोद काळे होते. २१ नोव्हेंबर १९६३ची संध्याकाळ. नायके-अपाची हे अमेरिकी रॉकेट, त्यात फ्रान्सच्या जाक ब्लामाँ यांचं सोडियमचं उपकरण. रॉकेट उचलायला हातानं चालवायची क्रेन होती. रॉकेट प्रक्षेपकावर ठेवायच्या वेळी क्रेनचं तेल गळायला लागलं आणि रॉकेट कलंडायला लागलं. शेवटी माणसांनी ते हातानं सावरून बसवलं, असं कलामांनी लिहून ठेवलंय. ६ वाजून २५ मिनिटांनी ते उडालं आणि दोनशे किलोमीटरच्या वर गेलं. खाली अंधार, वर अजून सूर्य. वाटेत सोडलेली सोडियमची वाफ त्या उन्हात नारिंगी चमकायला लागली आणि वाऱ्यानं वाकडीतिकडी होत गेली. केरळात लोक अंगणात उभे राहून बघत होते. वेगवेगळ्या ठिकाणी लावलेल्या कॅमेऱ्यांतले फोटो जुळवून वरच्या वाऱ्याचा वेग आणि दिशा काढता आली. दुसऱ्या दिवशी केनेडींचा खून झाला, आणि थुंब्याची बातमी मागं पडली.

सोडियमचा ढग वारा दाखवतो, कारण सोडियम विजेच्या दृष्टीनं उदासीन राहतं. विद्युतभारित कण, म्हणजे आयन, कुठं चाललेत हे बघायचं तर बेरियम सोडावं लागतं. उन्हात बेरियमचे अणू काही सेकंदांतच एक इलेक्ट्रॉन गमावतात आणि ढगाचे दोन तुकडे होतात. हिरवट तुकडा वाऱ्याबरोबर जातो. जांभळा तुकडा वाऱ्याला न जुमानता चुंबकरेषेवर लांब ताणला जातो आणि विद्युतक्षेत्र नेईल तिकडं सरकतो. दोघांची दिशा वेगळी झालेली डोळ्यांना दिसते. जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेच्या लोकांनी हे तंत्र घडवलं, ध्रुवीय प्रदेशात वापरलं आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस थुंब्यावरूनही वापरलं. डोळ्यांनी विद्युतक्षेत्र बघण्याची याहून सोपी रीत मला तरी माहीत नाही.

थुंब्याचा खरा विषय मात्र होता विषुववृत्तीय इलेक्ट्रोजेट, म्हणजे दिवसा चुंबकीय विषुववृत्तावर पूर्वेकडं वाहणारा वीजप्रवाह. पेरूमधल्या वांकायो वेधशाळेची सुई दुपारी भलतीच जास्त हलते, हे १९२२नंतर लक्षात आलं होतं. १९५१ला चॅपमननी या प्रवाहाचं नाव पक्कं केलं. थुंब्यावर चुंबकरेषा जमिनीला समांतर असतात. दिवसा वाऱ्यांमुळं पूर्वेकडं एक लहानसं विद्युतक्षेत्र तयार होतं. त्यानं इलेक्ट्रॉन वर सरकतात, पण रेषा आडव्या असल्यानं त्यांच्यावरून भाराचा निचरा होत नाही. मग वरखाली भार साचतो आणि त्यापायी पूर्वेकडचा प्रवाह कित्येक पटींनी फुगतो. १९६४च्या जानेवारीत अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर विद्यापीठाचे लॉरेन्स केहिल आणि नेल्सन मेनार्ड यांनी थुंब्यावरून चुंबकमापी बसवलेली रॉकेटं सोडली. तत्त्व साधं आहे. पूर्वेकडे वाहणाऱ्या प्रवाहाच्या खाली त्याचं चुंबकबल उत्तरेला असतं, वर गेलं की दक्षिणेला. त्यामुळं रॉकेट प्रवाह ओलांडतं त्या जागी आकड्यांचा कल उलटतो. प्रवाह शंभर ते एकशेदहा किलोमीटरच्या पातळ थरात सापडला. शंभर वर्षं जमिनीवरच्या सुया ज्याच्याकडं बोट दाखवत होत्या, त्याच्या आतून एक यंत्र जाऊन आलं.

नंतर अहमदाबादच्या सत्य प्रकाश, बी. एच. सुब्बराय आणि एस. पी. गुप्ता यांनी रॉकेटच्या टोकाला लँगम्यूर प्रोब लावला. हा एक धातूचा लहानसा तुकडा. त्याला थोडा धन विद्युतदाब दिला की तो इलेक्ट्रॉन गोळा करतो आणि जमा झालेल्या विजेवरून आजूबाजूला किती इलेक्ट्रॉन आहेत ते कळतं. इलेक्ट्रोजेट एकसंध नाही, त्यात बारीक खळबळ आहे, हे त्यातून दिसलं. काही मीटरांपासून शेकडो मीटरांपर्यंतच्या गाठी. इलेक्ट्रॉनांचा वेग त्या हवेतल्या ध्वनिलहरींच्या वेगाच्या पुढं गेला की प्रवाह स्वतःच अस्थिर होतो, असं डोनाल्ड फार्ली आणि ऑस्कर बुनेमान यांनी १९६३ला गणितानं सांगितलं होतं. थुंब्याच्या रॉकेटांनी त्याचा ठसा जागेवर जाऊन टिपला. हीच खळबळ ध्रुवीय प्रकाशाच्या प्रवाहातही होते, कितीतरी दांडगी, आणि तिथं ती इलेक्ट्रॉनांना तापवते. केरळचा कोळीवाडा आणि अलास्काचा बर्फ एकाच समीकरणात बसतात ते इथं.

थुंब्याचा पुढचा भाग बहुतेकांना ठाऊक आहे. १९६७ला वसंत गोवारीकर इंग्लंडमधून परतून थुंब्याला रुजू झाले. पुण्याचा जन्म, कोल्हापुरात शिक्षण, बर्मिंगहॅमची पीएच. डी. त्यांच्या घन इंधनाच्या कामावर पुढचे मोठे अग्निबाण उभे राहिले. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला आपलं पहिलं रॉकेट उडालं, रोहिणी ७५. पंचाहत्तर म्हणजे व्यासाचे मिलीमीटर. पुढं तिरुवनंतपुरमच्या अवकाश केंद्राचे संचालक म्हणून आणि नंतर मान्सूनच्या अंदाजासाठी गोवारीकर घराघरांत पोचले. पण मला राहून राहून वाटतं, आपण या माणसांना फक्त ‘रॉकेट उडवणारे’ म्हणून लक्षात ठेवलं. रॉकेट वर नेऊन मोजायचं काय होतं, हे विचारायचं राहून गेलं.

आता ध्रुवाकडं वळू. पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय आवरणात जी भारित कणांची गर्दी आहे ती सूर्याकडून आलेली, असं १९७०पर्यंत बहुतेकांचं मत होतं. १९७२ला लॉकहीडच्या एडवर्ड शेली आणि सहकाऱ्यांना उपग्रहावरच्या उपकरणात वरून खाली येणारे, भरपूर ऊर्जेचे ऑक्सिजनचे आयन सापडले. त्यांच्यात एकाच इलेक्ट्रॉनाची कमतरता होती. सूर्याच्या प्रचंड उष्णतेतून आलेल्या ऑक्सिजनचे सहा-सहा, सात-सात इलेक्ट्रॉन उडालेले असतात. म्हणजे हे आयन सूर्याचे नव्हेत, आपल्याच हवेतले. आपल्या हवेतून निसटून, वर जाऊन, ताकद कमावून परत आलेले.

हे निसटणं सोपं नाही. ऑक्सिजनच्या आयनाला पृथ्वीची ओढ तोडायला सुमारे १० इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, आणि तीनशे किलोमीटरवर त्याच्या गाठीशी असते त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आगेमागे. बाकीची कोण देतं? थोडी घर्षणानं मिळते. ध्रुवीय प्रवाहांतलं विद्युतक्षेत्र आयनांना उदासीन हवेतून फरफटत नेतं, आणि ते तापतात. तापलेला आयन पसरतो, वर चढतो, पण निसटण्याइतका नाही. १९७८ला ब्रायन व्हेलन, विल्यम बर्नस्टीन आणि पॅट्रिक डेली यांनी कॅनडात हडसन उपसागराकाठच्या फोर्ट चर्चिलहून उडवलेल्या रॉकेटच्या नोंदींतून दुसरा धक्का दाखवला. काही आयन चुंबकरेषेला काटकोनात अचानक जोरात फिरायला लागले होते. आयन चुंबकरेषेभोवती घाण्याच्या बैलासारखा गोल फिरत असतो. त्याच्या फेऱ्यांशी ताल जुळणारी विद्युतलहर आली की प्रत्येक फेरीला तिचा चाबूक बसतो आणि फेरा मोठा होत जातो. वर चुंबकबल कमी कमी होत जातं, त्यामुळं हा फिरण्याचा जोर वर जाताना चढण्याच्या जोरात बदलतो. बाजूनं मारलेला फटका आयनाला उंच फेकतो, तो असा.

हे मोजणारं उपकरण डब्याएवढं असतं. आत एकमेकांत बसवलेल्या दोन वाटीसारख्या वक्र पट्ट्या, मध्ये काही मिलीमीटरची फट. पट्ट्यांवर ठरावीक विद्युतदाब लावला की त्या दाबाला जुळणाऱ्या ऊर्जेचाच आयन फटीतून वळत शेवटपर्यंत पोचतो, बाकीचे भिंतीवर आपटतात. सेकंदाला अनेकदा दाब वरखाली करायचा, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती आयन ते कळतं. कोणत्या दिशेनं आले तेही कळतं, कारण उपकरण सगळ्या बाजूंनी उघडं असतं आणि रॉकेट स्वतःभोवती फिरत असतं. आयन काटकोनात तापलेत की रेषेच्या दिशेनं, हा फरक एवढ्यावरून पकडायचा. रॉकेटचा स्वतःचा वेग आणि पृष्ठभागावर चढलेला विद्युतभार वजा करायचा. थंड आयन मोजणं या कारणानं फार किचकट असतं. हे सगळं दहा-वीस मिनिटांत.

या रॉकेटांच्या इतिहासातला सर्वांत भयंकर दिवस २५ जानेवारी १९९५. नॉर्वेच्या अँडोया बेटावरून ब्लॅक ब्रँट १२ हे चार टप्प्यांचं रॉकेट सकाळी उत्तरेकडे सोडलं गेलं. मोहिमेचं नाव सायफर. पुढाकार न्यू हॅम्पशर विद्यापीठाचे रॉजर आर्नल्डी आणि कॉर्नेलचे पॉल किंटनर यांचा. न्यू हॅम्पशर म्हणजे तेच विद्यापीठ, जे एकतीस वर्षांपूर्वी थुंब्याला आलं होतं. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांच्या आकाशात दिवसाच्या बाजूनं सूर्याचे कण जिथून थेट आत घुसतात, तिथल्या आयनांच्या कारंज्यातून रॉकेट न्यायचं होतं. प्रक्षेपणाची आगाऊ सूचना रशियासह तीस देशांना दिलेली होती. ती रशियाच्या रडारवाल्यांपर्यंत पोचली नाही. ओलेनेगोर्स्कच्या रडारला एक जलद रॉकेट चढताना दिसलं, टप्पे सुटताना दिसले. अमेरिकी पाणबुडीतून सुटणाऱ्या ट्रायडंट क्षेपणास्त्रासारखं ते दिसत होतं. अण्वस्त्रांचा हुकूम द्यायची पेटी राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर उघडली गेली. काही मिनिटांत रॉकेट रशियाकडं येत नाही हे स्पष्ट झालं आणि पेटी मिटली. रॉकेट उडाल्यापासून चोवीस मिनिटांनी स्वालबार्डमधल्या स्पिट्सबर्गन बेटाजवळ पडलं. आपण काळी पेटी पहिल्यांदाच वापरली, असं येल्त्सिननी दुसऱ्या दिवशी जाहीर सांगितलं.

जगाला त्या दिवसाची आठवण आहे ती या पेटीमुळं. पण त्या चोवीस मिनिटांत उपकरणांनी आपलं काम चोख केलं होतं. १४०० किलोमीटरच्या वर जाऊन, अरुंद पट्ट्यांत आयन काटकोनात तापत असल्याचं आणि त्याच पट्ट्यांत कमी कंपनांच्या विद्युतलहरी असल्याचं सायफरनं एकाच वेळी टिपलं. लहरी आणि तापणं एकाच जागी, एकाच क्षणी. दुरून पाहणाऱ्या रडारला किंवा त्या जागेवरून क्षणात निघून जाणाऱ्या उपग्रहाला हे इतक्या बारकाईनं साधत नाही.

त्यानंतर हे काम थांबलं नाही. अलास्काच्या पोकर फ्लॅटवर शास्त्रज्ञ आजही हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे रॉकेट तयार ठेवून बसतात. आकाश निरभ्र हवं, प्रकाशाचा पट्टा बरोबर वाटेवर हवा, आणि तो पेटला की निर्णयाला मिनिटंच मिळतात. डिसेंबर २०१८मध्ये नासाच्या डग्लस रोलंड यांच्या व्हिजन्स-२ मोहिमेची दोन रॉकेटं स्वालबार्डच्या न्यू-ऑलेसुंडहून निसटणारा ऑक्सिजन पाहायला गेली. ११ मे २०२२ रोजी तिथूनच ‘एन्ड्युरन्स’ उडालं, ७६८ किलोमीटरपर्यंत गेलं आणि सुमारे १९ मिनिटांत परत आलं. ग्लिन कॉलिन्सन आणि सहकाऱ्यांना त्यातून ध्रुवावरच्या आकाशात वरखाली पसरलेलं अर्ध्या व्होल्टचं क्षेत्र मोजता आलं. ०.५५ व्होल्ट, घड्याळाच्या सेलपेक्षाही कमी. इलेक्ट्रॉन हलके म्हणून वर पळू पाहतात, आयन जड म्हणून मागं राहतात, त्या ओढाताणीतून हे क्षेत्र जन्मतं. ते इतकं क्षीण असेल असं साठ वर्षं गृहीत धरलं होतं, पण मोजायला पुरेसं नाजूक उपकरण नव्हतं. हेच अर्धा व्होल्ट हायड्रोजनच्या आयनांना बाहेर ढकलतं आणि ऑक्सिजनच्या आयनांचा थर कितीतरी वर उचलून धरतं. लहरींचा चाबूक बसायला ते वर आधी पोचले पाहिजेत ना! पोचवण्याचं काम हे क्षेत्र करतं.

आपल्याकडंही हा धागा तुटलेला नाही. भूचुंबकत्व संस्था आता नवी मुंबईत पनवेलला आहे. अलिबागची सुई चालू आहे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारातलं तिचं रडार ऐंशी ते शंभर किलोमीटरवरचे वारे मोजतं. संस्थेचे लोक अंटार्क्टिकाच्या मैत्री तळावर जाऊन ध्रुवीय प्रकाशाखालची चुंबकीय हालचाल नोंदवतात. मे २०२४च्या सौरवादळात लडाखच्या हानलेला आकाश लाल झालं, त्याचे फोटो सगळ्यांनी मोबाईलवर पाहिले. पण वर जाऊन आयन मोजणारं रॉकेट आपण ध्रुवावरून कधी सोडलेलं नाही. मैत्रीवर इतकी वर्षं माणसं ठेवणाऱ्या देशानं ते करायला हवं होतं, असं माझं मत आहे. खर्च उपग्रहाच्या मानानं किरकोळ, आणि विषुववृत्तावर हेच काम करण्याचा अनुभव आपल्याइतका थोड्याच देशांकडं आहे.

थुंब्याहून लहान रॉकेटं अजून उडतात. २३ नोव्हेंबर २०२२ला रोहिणी २०० या रॉकेटाचं सलग दोनशेवं यशस्वी उड्डाण झालं. जुन्या चर्चमध्ये आता अवकाश संग्रहालय आहे. पद्मनाभस्वामींच्या दर्शनाला आपल्याकडची माणसं तिरुवनंतपुरमला जातातच. गेलात तर अर्धा दिवस जास्तीचा काढा, मुलांना बरोबर न्या, आणि मोठ्या यानांच्या प्रतिकृतींकडे वळण्याआधी त्यांना ही वीतभर जाडीची लहान रॉकेटं दाखवा.